वडिलांच्या नावची पावती आणि अकरा महिन्यांचा करार

प्रश्न : महाद्वार रोडला लागून असलेल्या गल्लीत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर माझा स्टुडिओ आहे. वडिलांनी १९७८ साली साइनबोर्ड आणि सिनेमाच्या बॅनरच्या कामासाठी ही जागा भाड्यानं घेतली. लिखित करार नाही, पावत्या आहेत. शाळा सुटल्यापासून मी त्यांच्या हाताखाली होते. २०१९ मध्ये ते गेले. तेव्हापासून पोर्ट्रेट, भित्तिचित्रं अशी कामं मी तिथंच करते, रविवारी मुलांचा चित्रकलेचा वर्गही घेते. भाडं महिना ६०० रुपये, पावती अजून वडिलांच्याच नावची. मालकांच्या मुलांनी वाडा एका बिल्डरला विकला. तो भाडं घेत नाही. त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे : मूळ भाडेकरू वारल्यानं भाडेहक्क संपला, वाडा धोकादायक आहे, तुम्ही पोटभाडेकरू ठेवलेत, ३० दिवसांत जागा सोडा. (कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली दोन मुलं माझ्याकडे काम करतात, महिना दीड-दीड हजार देतात.) तोंडी मात्र तो म्हणतो, १५ हजारांनी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, तुम्हाला काढत नाही. परवा नळ तोडला. सही करू का? भाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो सोडून टाक. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, सही करू नका. बाकीचं उत्तर लांब आहे, पण एवढं आधी भावालाही कळवा.

तुमचा भाडेहक्क १९७८ पासूनचा आहे. ३१ मार्च २००० पासून लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याला संरक्षण देतो. वाडा विकला म्हणून त्यात फरक पडत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येतो. त्यानं वाडा घेतला तो तुमच्यासकट घेतला. आता अकरा महिन्यांच्या कागदावर सही केलीत, तर तुम्ही भाडेकरू नाही, त्याच्या परवानगीनं तिथं बसता, असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल, आणि तेही नोंदणी करून. नवा करार स्वीकारला म्हणजे जुना हक्क सोडला, असा युक्तिवाद पुढं कोर्टात होतो आणि तो टिकूही शकतो. धंद्याच्या जागेच्या लायसन्सला भाडे कायद्याचं संरक्षण नाही. मुदत संपली की तुमच्या हातात काही उरत नाही. ‘काढत नाही’ हे तोंडी आहे, ते तो कागदावर देणार नाही.

वडील गेल्यानं हक्क संपला, हे नोटिशीतलं म्हणणं चूक आहे. कायद्याच्या कलम ७(१५) मध्ये ‘भाडेकरू’ची व्याख्या आहे. धंद्यासाठी दिलेल्या जागेत, भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर ती जागा त्या कामासाठी वापरणारी घरची व्यक्ती पुढं भाडेकरू ठरते. तशी कुणी नसेल तरच इतर वारसांचा विषय येतो. तुम्ही वडिलांबरोबर काम करत होतात, म्हणजे भाडेकरू तुम्ही. पण हे सिद्ध करावं लागेल, आणि इथं कलाकार मंडळी हमखास कमी पडतात, कारण कागद ठेवायची सवय नसते. शॉप ॲक्टचा दाखला, रंगाच्या दुकानाची बिलं, स्टुडिओचा पत्ता छापलेली प्रदर्शनाची पत्रिका, ऑर्डरच्या वह्या, वडील बॅनरवर हात फिरवताहेत आणि तुम्ही शेजारी उभ्या आहात असा एखादा जुना फोटो, सगळं काढा. २०१९ च्या आधीची कागदपत्रं सगळ्यांत मोलाची. भावाकडून ‘मी ही जागा कधी वापरली नाही, बहिणीच्या भाडेकरू असण्याला माझी हरकत नाही’ एवढं साधं पत्र लिहून घ्या. ‘सोडून टाक’ म्हणणारा भाऊ हे पत्र आनंदानं देईल.

आता पोटभाडेकरूंचा मुद्दा. नोटिशीतला हाच एक मुद्दा मला खरा काळजीचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या कायद्याच्या कलम १६(१)(ई) मध्ये नुसतं पोटभाड्यानं देणंच नाही, तर मालकाच्या संमतीशिवाय जागा किंवा तिचा भाग लायसन्सवर देणं हेही जागा खाली करून घेण्याचं कारण आहे. तुम्ही मालकाला ६०० देता आणि मुलांकडून ३,००० घेता. तुमच्या मनात काय आहे ते मला दिसतं : शहरात स्टुडिओ परवडत नाही, पोरं हुशार आहेत, त्यांना एक कोपरा मिळावा. पण समोरचा वकील कोर्टात फक्त हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवेल.

कोर्ट मुख्यतः पाहतं ते ताबा कुणाचा. किल्ली तुमच्याकडे आहे का? मध्ये फळी किंवा पडदा मारून त्यांचा भाग वेगळा केलाय का? तुम्ही नसताना ते स्वतःहून उघडून बसतात का? दारावर त्यांची पाटी आहे का? ताबा पूर्ण तुमचाच असेल आणि ते तुमच्या देखरेखीखाली, तुमच्या कामात हात घालत असतील, तर पोटभाडं सिद्ध करणं मालकाला जड जाईल. म्हणून जागेपोटी पैसे घेणं या महिन्यापासून थांबवा. ती मुलं तुमच्या भित्तिचित्रांच्या कामावर मदतीला असतील तर त्यांना मजुरी द्या आणि ती बँकेतून द्या. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असेल तर परत घ्या. मागच्या तारखेचा भागीदारीचा कागद करा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो मुळीच ऐकू नका. खोटा कागद उघडा पडला की खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो. आजवर जे घडलं ते तुमच्या वकिलाला जसंच्या तसं सांगा.

रविवारच्या वर्गाची चिंता करू नका. चित्रकाराच्या स्टुडिओत चित्रकला शिकवणं म्हणजे जागेचा वापर बदलणं नव्हे, असं माझं मत आहे. फक्त स्टुडिओ बंद ठेवू नका. वाजवी कारण नसताना दावा दाखल होण्याआधीचे सलग सहा महिने जागा ठरलेल्या कामासाठी वापरली नाही, तर तेही खाली करण्याचं कारण होतं. भांडणाला कंटाळून माणसं कुलूप लावून घरी बसतात आणि तिथंच घात होतो.

भाडं. तो घेत नाही म्हणून तुम्ही देणं थांबवलं असेल तर आज सुरू करा. मनिऑर्डर पाठवा, परत आली तर ती पावती जपून ठेवा. त्याचा खाते क्रमांक लेखी मागा. विक्री झाल्याचं तुम्हाला कळण्याआधी जुन्या मालकाला जे भाडं दिलं असेल ते वाया जात नाही, त्याच्या पावत्या काढून ठेवा. भाडं द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला कायदा काढू देत नाही, पण ती तयारी कागदावर दिसायला हवी. थकबाकीचा दावा लावायचा तर मालकानं आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी बाकी वर्षाला १५ टक्के व्याजासह आणि खर्चासह कोर्टात भरली, आणि पुढं नियमित भरत राहिलात, तर त्या कारणावर हुकूम होत नाही. आणि १५ हजार? कायद्यानं मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ मागता येते. बाजारभाव हे जागा खाली करून घेण्याचं कारण नाही.

नळ तोडणं सरळ बेकायदा आहे. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशी आवश्यक सेवा मालकाला तोडता येत नाही. कोर्टात अर्ज करून ती पुन्हा सुरू करून घेता येते. जुना राजवाडा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. ‘हा दिवाणी मामला आहे’ असं उत्तर मिळेल. मिळू दे, तुमच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पुढं मनाई हुकूम मागताना तोच कागद कामी येतो. उद्या विजेचा मीटर काढला, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेत राहणाऱ्यालाही स्वतःच्या नावानं जोडणी मागता येते. आणि एखाद्या रात्री कुलूप तोडून सामान बाहेर काढलंच, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, मालकी कुणाची हा प्रश्न तिथं येत नाही. मात्र ती वेळ येण्याआधीच कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढू नये असा मनाई हुकूम मागा.

वाडा धोकादायक आहे हे कोण म्हणतं? बिल्डरनं नेमलेला अभियंता म्हणत असेल तर त्यानं काही ठरत नाही. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे करून घ्यावीच लागते, पण धोकादायक ठरवून पाडायला लावण्याचा अधिकार महापालिकेचा आहे. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. दुरुस्तीनं भागत असेल तर मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. त्यानं वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ६०० रुपये भाड्यात हे वर्षाला १,८०० होतात. छपराच्या चार कौलांपलीकडं त्यातून काही होणार नाही, हे मान्य. तरी नोटीस द्याच, कारण वाडा मुद्दाम पडू दिला जात असेल तर त्याचा पुरावा त्यातूनच उभा राहतो. वाडा शहराच्या हेरिटेज यादीत आहे का, हेही नगररचना विभागात विचारा.

वाडा खरोखरच पडायला आला असेल तर मात्र जिद्दीनं आत बसू नका. जीव आधी. पण बाहेर पडण्यापूर्वी तुमच्या जागेची मोजणी महापालिकेच्या अधिकाऱ्यासमोर करून घ्या, पंचनामा आणि फोटो घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क नाहीसा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शहा रतनसी खिमजी खटल्यात स्पष्ट केलं आहे. तो खटला महाराष्ट्रातूनच गेला होता.

बिल्डरला इमारत बांधायचीच असेल तर कायदा त्याला अडवत नाही, अटी घालतो. पाडून नवी बांधण्यासाठी ताबा हवा असेल तर पैशांची सोय आहे, नकाशे आणि अंदाजपत्रक तयार आहे, हे त्यानं कोर्टाला पटवावं लागतं, आणि तुमच्या आजच्या जागेएवढी, फार तर ५ टक्के कमी-जास्त, जागा नव्या इमारतीत देण्याची हमी द्यावी लागते. ताबा दिल्यावर ती जागा घेणार असल्याचं तुम्हीही लेखी कळवायचं असतं, ते विसरू नका. बहुतेक वेळा हे कोर्टाबाहेर, वाटाघाटीनं ठरतं, आणि तुमचंही तसंच ठरावं असं मला वाटतं. त्यात कमीपणा नाही.

मग करार करताना ‘तळमजल्यावर एक गाळा’ एवढ्यावर मान डोलावू नका. तुम्ही किराणा दुकान चालवत नाही. आज तुमच्या सोप्याची, म्हणजे वाड्याच्या पुढच्या दालनाची, उंची किती आहे ते टेप लावून मोजा. नव्या इमारतीत खाली पार्किंग आणि वर कमी उंचीचे गाळे निघाले, तर मोठा कॅनव्हास उभाच राहणार नाही. चौरस फूट तेवढेच मिळतील आणि धंदा मात्र बसेल. म्हणून उंची फुटांत लिहा. उत्तरेकडची खिडकी लिहा, आणि तिच्यासमोर जिना किंवा जाहिरातीचा फलक येणार नाही हेही लिहा. मोठी चौकट आडवी न करता बाहेर निघेल एवढी दाराची रुंदी, ब्रश धुवायला मोरी, वाहन दारापर्यंत येण्याची वाट, हे सगळं नकाशावर दाखवून तो नकाशा कराराला जोडून घ्या. बांधकाम चालू असताना दुसरीकडच्या जागेचं भाडं कोण देणार, किती महिने, उशीर झाला तर काय, आणि त्यासाठी बँक हमी, हे लिहा. नवी जागा मालकीनं मिळणार की भाड्यानं, हेही. करार नोंदणीकृतच हवा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी जादा चटईक्षेत्राची तरतूद आहे, म्हणजे तुमच्यामुळं त्यालाही काही मिळू शकतं. उपकार केल्याची भाषा ऐकून घेऊ नका.

आणखी एक. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अंबाबाई मंदिर परिसराच्या सुमारे १,४४५ कोटींच्या आराखड्याला मंजुरी दिली. तुमची गल्ली मंदिराला जवळ आहे, म्हणून ती त्यात येते का हे पाहून घ्या. सरकारनं भूसंपादन केलं तर वाट वेगळी : २०१३ च्या भूसंपादन कायद्यात संपादनाआधी तीन वर्षं तिथं उपजीविका असलेले भाडेकरू आणि कारागीरही ‘बाधित कुटुंबा’त मोडतात. तिथं हरकत नोंदवायची ती तुमच्या स्वतःच्या नावानं, मालकाच्या भरवशावर नाही.

पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटरांनी याच शहरात कॅमेरा घडवला. जयप्रभा हा जुना चित्रपट स्टुडिओ वाचवण्यासाठी कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा माणसं रडली. पण पेठेतल्या गल्लीतला स्टुडिओ एका सहीनं जातो आणि कुणाला कळतही नाही. असे किती गेले ते आठवलं की वाईट वाटतं. तुमचा जाऊ नये.

जागा सोडायचीच असं तुम्ही स्वतः, शांतपणे ठरवलंत तर तोही तुमचा अधिकार आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे भाडेहक्क सोडण्याचा मोबदला घेणं कायदेशीर आहे. रक्कम बँकेतून घ्या, कागद नोंदवा, आणि आकडा ठरवण्याआधी त्या भागातल्या गाळ्यांचे भाव काढा.

नोटिशीला ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर पाठवा. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, ३१ व्या दिवशी तुम्हाला कुणी हात धरून काढू शकत नाही, पण उत्तर न देणं अंगाशी येतं. फीची अडचण असेल तर कसबा बावडा रोडवरच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. त्याच वेळी कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता त्याला अंतरिम हुकूम मिळणार नाही. प्रकरण पुढं वर गेलंच, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईच्या फेऱ्या नाहीत. वकिलाकडे जाताना मूळ पावत्या बरोबर नेऊ नका, झेरॉक्स न्या. मूळ कागद स्टुडिओत नको, घरी ठेवा.