खांबाजवळ बस

प्रिय पोरी,

परवा रेशीमबागेच्या मैदानावरून तू थेट माझ्याकडे आलीस, कार्डात अकराशे चाळीस फोटो घेऊन. खो-खोच्या एका सामन्याचे! त्यातले पाच धड होते. तू रडवेली होऊन विचारलंस, "काका, लेन्स बदलू का?" काकूने नुकताच चहा आणून ठेवला होता, म्हणून मी गप्प बसलो. आता लिहितो.

लेन्स बदलू नकोस. तुझा दादा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा घे म्हणतो ना, त्याला म्हणावं, आधी तूच घे. तू गेल्यावर ते सगळे फोटो मी रात्री एकेक करून पाहिले. त्यात खेळाडूंपेक्षा मला तूच जास्त दिसलीस. पहिला फोटो डाव्या खांबापासून, पंधरावा मध्यावरून, चाळिसावा पार पंचांच्या टेबलामागून. आत मुली पळताहेत आणि बाहेरून तू. अगं, पळून कशाला राहिली होतीस? जागा सोडू नकोस.

खो-खो तू शाळेत खेळलीस, तुला नियम मी सांगायचा? पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांब ओलांडल्याशिवाय तिला उलटं फिरता येत नाही. पळणारीला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती चकवा देते तो बहुतेकदा खांबाशी, आणि सूर पडतो तोही तिथेच. सगळा सामना आपणहून ज्या जागी येतो, ती जागा सोडून तू त्याच्या मागे धावत होतीस. एका खांबापासून थोडं तिरकं, रेषेबाहेर, चक्क मांडी घालून बस. सूर मारणारीचा चेहरा तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर येईल. अर्धा सामना दुसऱ्या खांबाशी घडेल, तो तुझा नाही. त्याची हळहळ करायची नाही.

आता कॅमेरा. तो हिरवा ऑटो विसर. चाक 'टीव्ही'वर लाव; घरातल्या टीव्हीशी त्याचा संबंध नाही, शटरचा वेग तू ठरवायचा एवढाच अर्थ. १/१००० सेकंद. आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर सोड, वरची मर्यादा ६४००. संध्याकाळी दाणे येतील, येऊ दे. दाणेदार फोटो छापता येतो, हललेल्याचं काही करता येत नाही. फोकस 'एआय सर्व्हो'वर, म्हणजे तो हलत्या खेळाडूवर सतत धरला जातो, आणि मधला एकच बिंदू. तू सगळे बिंदू चालू ठेवले होतेस. मग कॅमेऱ्याने काय केलं? समोर जे जवळ दिसलं ते धरलं. पाटीवर बसलेल्या मुलीची पाठ कशी लख्ख आली आहे बघ, वेणीतला केस न् केस मोजता येतो.

आणि ते बटण दाबून धरणं बंद कर बापा. रॉमध्ये, म्हणजे कच्च्या जड फाइलींत, धडाधड काढलेस की तुझ्या कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, भरतो, मग तो कार्डावर लिहीत बसतो, आणि नेमका तेव्हाच सूर पडतो. सध्या जेपीईजीवर, म्हणजे हलक्या फाइलींवर शिक, तीन-तीन फ्रेमचे झटके मार. मी छत्तीस फोटोंच्या रोलवर पूर्ण सामना काढायचो, हे तुला शंभरदा ऐकवलं आहे. एकशे एकाव्यांदा ऐक.

दुपारच्या दूरच्या फोटोंवर मात्र रडू नकोस. नागपूरच्या उन्हात जमिनीवरून झळा उठतात, त्यातून कुठलीही लेन्स लाव, चित्र थरथरतंच. तेवढा एक गुन्हा तुझा नाही.

तुझ्या कॅमेऱ्याची, म्हणजे डीएसएलआरची, एक गंमत सांगतो. बटण दाबलं की आतला आरसा वर जातो आणि निमिषभर व्ह्यूफाइंडर काळा होतो. म्हणजे जो क्षण तुला दिसला तो हुकला, आणि जो मिळाला तो तू पाहिलाच नाहीस! म्हणून घडायच्या जरा आधी दाबावं लागतं. तो 'जरा आधी' कसा कळणार? एकाच खांबाशी तासभर बसलं तर कळतो. फिरतीवर कळत नाही.

मला हे कळायला २००८ उजाडलं. जामठ्याच्या मैदानावरची पहिली कसोटी, गांगुलीची शेवटची. उजव्या हाताच्या फलंदाजांचे चेहरे मिळतील अशा जागी मी बसलो होतो. दुसऱ्या डावात गांगुली आला. डावखुरा, म्हणजे माझ्याकडे त्याची पाठ. पहिल्या डावात ८५ केले होते, आताही उभा राहील, आपण पलीकडे जाऊ, असा हिशोब केला आणि उठलो. खेळलेल्या पहिल्याच चेंडूवर झेल, तोही चेंडू टाकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या क्रेझाच्याच हातात. मी वाटेत होतो, मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड) खांद्यावर. माझ्याकडे त्या डावाचा एकच फोटो आहे, परत जाणारी पाठ. बसून राहिलो असतो तरी पाठच मिळाली असती म्हणशील. पण ती खेळतानाची असती!

१९९४ मध्ये मुंबईच्या एका दैनिकातून मला बोलावणं आलं होतं. गेलो नाही. काकू म्हणते, "जागा सोडली नाही वगैरे सांगू नका त्या पोरीला, तुम्ही घाबरलात." असेल. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत सगळे त्या मारबतीच्या पुतळ्यामागे पळतात, आणि मी महाल भागातल्या एकाच ओट्यावर वर्षानुवर्षं उभा राहतो. आता त्या घरची पोरं माझ्यासाठी स्टूल काढून ठेवतात. जे मुंबईला गेले त्यांचे फोटो मी बघतो, चांगले असतात. पण रेशीमबागेतली कोणती मुलगी खांबाशी डाव्या पायावर वळते, हे त्यांना काय माहीत? एकदा उठलो होतो, काय झालं ते वर लिहिलंच आहे.

असो, माझं सोड.

रविवारी सकाळी सहाला मैदानावर ये. ५५-२५० लेन्स लावूनच ये, बाकीची बॅग घरी ठेव. बसायला जुनं पोतं आण, खांबाजवळ पाणी मारलेलं असतं. पहिला अर्धा तास कॅमेरा माझ्याकडे राहील.

तुझा काका