कोंबड्यांचं वजन झालं, खाद्याचं राहिलं

पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. आमचं करारावरचं ब्रॉयलरचं शेड आहे. तिने ५० पिलं जाळी लावून वेगळी ठेवली, पाण्यातून लसूण-ओव्याचा काढा दिला. चाळिसाव्या दिवशी ती बाकीच्यांपेक्षा सरासरी ६० ग्रॅमनी जड भरली. आता म्हणते, यातच करिअर करायचं. असं करिअर असतं का?
– एक आई, दिंडोरी तालुका, जि. नाशिक

ताई, असतं. या विषयाला पशुपोषण म्हणतात. वाढीसाठी खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक घालायची पद्धत जगभर होती. युरोपीय संघाने ती १ जानेवारी २००६ पासून बंद केली. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या पशुपालनातल्या वापरावर बंदी आली. तेव्हापासून ओव्यातलं थायमॉल, दालचिनी, हळद, प्रोबायोटिक (आतड्याला उपकारक जिवाणू), सेंद्रिय आम्लं यांचा शोध जोरात आहे. यातलं कोंबडीला खरंच काय लागू पडतं, हे तपासणारी माणसं हवी आहेत.

तुम्ही पाठवलेला वहीचा फोटो मी दोनदा पाहिला. दर रविवारी पहाटे, खाद्य टाकायच्या आधी वजन. सतराव्या वर्षी ही शिस्त फार मोलाची आहे. पण खाद्याचा रकानाच नाही! ब्रॉयलरच्या खर्चात साठ-सत्तर टक्के खाद्यच असतं. ते ६० ग्रॅम किती खाद्य खाऊन आले, हे कळल्याशिवाय एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं ते, निघत नाही, आणि तुमचा ग्रोइंग चार्ज, म्हणजे कंपनी देते ती पालनाची मजुरीही त्यावरच ठरते. शिवाय ती जाळी दाराजवळ होती. वजन लसणाने वाढलं की वाऱ्याने? चार जाळ्या साध्या, चार काढ्याच्या, शेडभर विखरून लावल्या तर काही म्हणता येईल.

काढा पाण्यातून मात्र नको. चोथा निपलमध्ये, म्हणजे पिलं चोचीने पाणी पितात त्या तोटीत, अडकतो, पाइपात चिकट थर धरतो. पिलं आणि खाद्य कंपनीचं आहे, त्यामुळे सुपरवायझरला विचारल्याशिवाय पुढचा प्रयोगही नको.

आता वाट. नीट द्यायची आणि बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी करायची, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची कॉलेजं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे आहेत. तुम्हाला मुंबई जवळ. पुढे पशुपोषणात एम.व्ही.एस्सी., म्हणजे पदव्युत्तर पदवी. ओव्याचं तेल खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाच्या उष्णतेने उडून जातं, मग त्याला आवरण कसं द्यायचं, असे प्रश्न तिला तिथे भेटतील. तिच्या वहीतली चिकाटी पाहता ती त्यात रमेल, असं मला मनापासून वाटतं.

नीटमध्ये नाही जमलं तर नाशिकलाच मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करता येईल. खाद्य कारखान्याच्या लॅबमध्ये मक्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), ओलावा, प्रथिनं तपासायचं काम मिळतं. खाद्याचं सूत्र ठरवायच्या जागेवर मात्र बहुतेक ठिकाणी पशुवैद्यक किंवा पोषणाची पदवी मागतात. म्हणून नीटचा एक प्रयत्न जीव तोडून करू दे. त्यापायी दोन-तीन वर्षं मात्र घालवू नका. आणि काढ्याची पाकिटं विकायची घाई आत्ता अजिबात नको.

पुढच्या बॅचला वहीत दोन रकाने वाढवायला सांगा: रोज टाकलेलं आणि उरलेलं खाद्य, आणि मेलेल्या पिलाची तारीख नि वजन. ती बॅच उचलली गेली की वही घेऊन दोघी नाशिकला या.