वाचलेलं लक्षातच राहत नसेल तर पुस्तकं का वाचायची?

तुम्ही एका दमात दोन गोष्टी विचारल्यात: लोक पुस्तकं वाचतात कशासाठी, आणि वर्षाला पन्नास वाचूनही महिन्याभरात सगळं पुसलं जात असेल तर उपयोग काय. पहिलीचं उत्तर लांबवण्यात अर्थ नाही. करमणूक, माहिती, सोबत, झोप येणं, चारचौघांत बोलायला विषय. यातलं एकही कारण हलकं नाही, शेवटचंसुद्धा. दुसरीवर मात्र बोलायलाच हवं, कारण ‘लक्षात नाही म्हणजे वाया गेलं’ हा हिशेब मांडणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

विसरायला पुस्तक मिटावं लागत नाही. जॅकलीन सॅक्स यांनी १९६७ साली लोकांना उतारे ऐकवले आणि त्यातलं एखादं वाक्य जरा वेळाने, कधी जसंच्या तसं तर कधी बदलून, पुन्हा पुढे ठेवलं. अर्थ फिरवलेला असला तर ऐकणाऱ्यांच्या लगेच लक्षात यायचं. अर्थ तोच ठेवून नुसती रचना बदलली, तर अर्ध्या मिनिटाच्या आतच बहुतेकांना फरक कळेनासा झाला. म्हणजे मन आशय उचलतं आणि शब्द टाकून देतं. समजणं म्हणतात ते हेच. तेव्हा ‘ओळी आठवत नाहीत’ ही तक्रार पहिल्यांदा सोडा. आशयही पुढे धूसर होतो, हे खरं. त्यावर इलाज आहे, पण तो भराभर वाचणं हा नक्कीच नाही.

वेगाचं गणित करून बघा. इंग्रजी मनातल्या मनात वाचण्याची सरासरी, मार्क ब्रिस्बर्ट यांच्या २०१९ च्या पाहणीनुसार, माहितीपर मजकुराला मिनिटाला २३८ शब्द आणि कथेला २६०. (मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांबतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका.) या वेगाने ८० हजार शब्दांचं पुस्तक पाच-साडेपाच तास घेतं. वर्षाला पन्नास म्हणजे रोज पाऊण तास. काही अशक्य नाही. बिघडतं कुठे, तर वेळ तेवढाच ठेवून आकडा शंभरावर न्यायचा असतो तिथे. मग माणूस शीघ्रवाचनाच्या नादी लागतो.

वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारत जातो. प्रत्येक थांबा साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांचा, आणि शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जाणाऱ्या. शीघ्रवाचन शिकवणारे या मागच्या उड्यांनाच वाईट सवय ठरवतात. पण वाक्याचा धागा सुटला की डोळा तो पकडायला मागे जातो. ती वाट बंद केली की वेग वाढतो आणि समज घटते. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून हेच सांगितलं. चाळणं ही उपयोगी कला आहे. फक्त तिला चाळणंच म्हणा, ‘वाचून झालं’च्या यादीत टाकू नका.

माहितीचं पुस्तक लक्षात ठेवायचं असेल तर रंगीत पेन आधी बाजूला ठेवा. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात ओळी रंगवणं आणि तेच पुन्हा वाचणं यांचा उपयोग कमी ठरला. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतराअंतराने उजळणी करणं, यांचा जास्त. रंगवलेली ओळ दुसऱ्यांदा दिसली की ओळखीची वाटते, आणि आपण ओळखीलाच ज्ञान समजून बसतो. त्यापेक्षा प्रकरण संपलं की पुस्तक मिटा आणि आठवणीतून पाच-सहा ओळी लिहा: लेखकाचं म्हणणं काय, पुरावा कोणता, आपल्याला काय पटलं नाही. मग पुस्तक उघडून पडताळा. दोन-तीन दिवसांनी, आणि पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी, वहीत न बघता तेच आठवून पाहा. अडखळायला होतं तिथेच फायदा आहे. बहुतेकांची गाडी दोन ठिकाणी अडते. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की ती नक्कल होते. आणि पानापानाला थांबलं की वैताग येऊन आठवड्यात वही बंद पडते.

कादंबरीला यातलं काहीही करू नका. कथानक विसरलात तर पुन्हा वाचता येईल, आठवत असलं तरीही वाचता येईल. शेवट आधी सांगितला तर गोष्टीची मजा जात नाही, उलट थोडी वाढते, असं लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांना २०११ मध्ये आढळलं. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही दिसलं, म्हणून यावर पैज लावू नका. पण दहा मिनिटांचा सारांश ऐकून ‘कादंबरी झाली’ म्हणणाऱ्याने फक्त काय घडलं ते ऐकलं, ते घडत असताना तो तिथे नव्हता. आणि कथा वाचून माणूस लगेच सहृदय होतो हेही फार ताणू नका. २०१३ च्या ज्या प्रयोगाचा दाखला सारखा दिला जातो, त्याचे निष्कर्ष नंतर इतरांनी करून पाहिले तेव्हा टिकले नाहीत. आवडतं म्हणून वाचतो, एवढं कारण पुरे.

एक राहिलं. परीक्षेसाठी वाचत असाल तर वरचं वेळापत्रक परीक्षेच्या तारखेपासून उलटं मोजून लावा. घाईत वाचायच्या माहितीपर मजकुराला कागद पडद्यापेक्षा थोडा बरा ठरतो; गोष्टीच्या बाबतीत तसा फरक दिसलेला नाही. टिपणं मोबाइलवर काढलीत तरी चालेल, फक्त पुस्तकातला उतारा उचलून तिथे चिकटवू नका.