पेटंटचे तीस लाख: आधी करार वाचा, मग प्लॉट बघा

प्रश्न: निफाड तालुक्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पत्नीच्या आजारपणात नऊ लाखांचं कर्ज झालं: सावकाराचे ३ (महिना शेकडा तीन व्याजानं), सोनेतारणाचे दीड आणि जमिनीवर पतसंस्थेचे साडेचार. कांद्याची पात-मुळं कापणारं यंत्र मी बनवलं, पेटंट मिळालं. एका कंपनीनं एकरकमी ३० लाख आणि विक्रीवर ३ टक्के रॉयल्टी देऊन ते घेतलं. टीडीएस कापून २७ लाख खात्यात आलेत. मेहुणे नाशिकजवळ १८ लाखांचा प्लॉट दाखवतात. मुलगा म्हणतो, आपणच या यंत्राचा कारखाना काढू. पेटंटवाल्यांना ३ लाख करमाफ असतात, हे खरं का?

उत्तर: मुलाचा बेत चांगला आहे, पण तो तुमच्या हातात उरलाय का, ते आधी बघू. करारात 'एक्सक्लुझिव्ह लायसन्स' असा शब्द असेल, तर पेटंट कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तो हक्क फक्त कंपनीचा. बाकी सगळे बाहेर, आणि त्या बाकीच्यांत खुद्द पेटंटधारकही येतो. म्हणजे तुमचंच यंत्र तुम्ही बनवलंत तर करारभंग तुमचाच. पेटंटच विकून टाकलं असेल, तर प्रश्नच मिटला. करार घेऊन पेटंटचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा. वार्षिक नूतनीकरण शुल्क कोण भरणार, तेही विचारा. ते थकलं तर पेटंट संपुष्टात येतं आणि त्याबरोबर रॉयल्टीही धोक्यात येते.

त्याच करारात जीएसटीची ओळ शोधा. पेटंट वापरायला देणं ही सेवा आहे, दर १८ टक्के, आणि सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. '३० लाख अधिक जीएसटी' लिहिलं असेल तर कंपनी वरून देईल. 'सर्व करांसह' लिहिलं असेल, तर साडेचार लाखांवर रक्कम तुमच्या खिशातून जाईल. या एका ओळीवर पुढचं सगळं गणित फिरतं, म्हणून सीएला याच आठवड्यात भेटा.

आयकराचं म्हणाल तर ३ लाखांची वजावट खरी आहे, पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत ३० लाखांवर सुमारे ५ लाख कर बसतो. जुन्यात ही वजावट आणि वर ८०सीचे (विमा, पीपीएफसारख्या बचतीचे) दीड लाख घेऊनही तो ६ लाखांच्या घरात जातो. जुन्या प्रणालीचा नाद सोडून द्या. टीडीएस ३ लाखच कापलाय, वर्कशॉपचं उत्पन्न वेगळंच. तेव्हा अडीच लाख आजच बाजूला काढा आणि आगाऊ कराच्या हप्त्यांत भरा. शेवटचा हप्ता १५ मार्चचा.

आता कर्ज. पहिला सावकार. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, एवढा परतावा कुठलाच प्लॉट देत नाही. पैसे बँकेतूनच द्या आणि सहीचे कोरे चेक, स्टॅम्प पेपर हातात आल्याशिवाय उठू नका. मग वहिनींचं सोनं सोडवा. शेवटी पतसंस्था: बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा) घ्या आणि तलाठ्याकडे अर्ज करून सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या. पैसे भरले तरी बोजा वर्षानुवर्षं तसाच राहिलेले उतारे मी खूप पाहिलेत.

उरतात साडेपंधरा लाख, तेही जीएसटी बाहेरून मिळाला तर. त्यातून वर्षभराचा घरखर्च वेगळा ठेवा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा काढा. वहिनींचा जुना आजार फॉर्मवर लपवू नका, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारतील.

प्लॉट आत्ता नको. १८ लाख तुमच्याकडे नाहीत. उरलेले कर्ज काढून भरायचे, तर तो हप्ता रॉयल्टीच्या भरवशावर. ही रॉयल्टी कांद्याच्या भावावर चालणार. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, तेव्हा शेतकऱ्यांचं काय झालं हे तुमच्या गावात कुणाला सांगायला नको. अशा साली यंत्र कोण घेतो? दोन हंगामांची रॉयल्टी प्रत्यक्ष जमा होऊ द्या, मेहुण्यांचा प्लॉट मग बघू.

बाकीची रक्कम एफडीत ठेवा, एका बँकेत व्याजासह ५ लाखांच्या आत. ठेव विमा तेवढाच आहे. पतसंस्थेच्या ठेवींना तोही नाही, म्हणून जादा व्याजाला भुलू नका.

मुलाला मात्र रिकाम्या हाती पाठवू नका. दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या नमुन्यासाठी ३ लाख द्या, त्याहून एक रुपया नको. आणि वकिलानं करार वाचेपर्यंत शेडसाठी कुणालाही विसार देऊ नका.