ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करायला योनीत धरायचं छोटं वजन वापरायला घेताय? आधी हे बघा

ताई, बाळंतपणानंतर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय वजन घालू नका. पाळीत, गरोदरपणात किंवा जळजळ असेल तर मुळीच नको. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवा. हे स्नायू आधीच आखडलेले असतील तर वजनाने दुखणं वाढतं.

सुरुवात सगळ्यात हलक्याने, साधारण 20 ग्रॅम. हात आणि वजन सौम्य साबणाने धुवा, वॉटर-बेस्ड जेल लावा, एक पाय स्टुलावर ठेवून आत सरकवा. वजनाची दोरी बाहेर राहू द्या. उभ्याने एक मिनिट धरा, मग हळूहळू 15 मिनिटांपर्यंत वाढवा. श्वास रोखून कुल्ले आवळले तर भलताच स्नायू राबतो, खाली जोर दिला तर वजन घसरतं. दुखलं की लगेच काढा. पावसाळ्यात दोरीच्या बुडाशी ओल राहते, पूर्ण सुकवूनच डबीत ठेवा.