गवत-बियाण्याच्या गोळ्या का उगवल्या नाहीत?

प्रश्न : आमच्या मुरमाड माळावर गेल्या जूनमध्ये अंजन आणि पवना गवताच्या बियाण्याच्या शेणमातीच्या गोळ्या फेकल्या. दोन-तीन पाऊस झाले तरी गोळ्या तशाच टणक. फोडून पाहिल्या तर आत बी काळे पडलेले. काय चुकले? (एक वाचक, माण तालुका)

उत्तर : बी आतच काळे पडले, म्हणजे ते कुजले. याची कारणे बहुधा तीन : गोळी मोठी, माती जास्त चिकट आणि वाळवण्यात उशीर. लिंबाएवढ्या गोळीच्या पोटात हवा पोचत नाही. गोळी हरभऱ्याएवढीच हवी आणि तिच्यात बियांची दोन-तीन बोंडेच (बोंड म्हणजे टरफलासकट गवताचे बी).

मिश्रण मापाने घ्या : चाळलेली चिकणमाती ३ भाग, जुने वाळलेले शेण १ भाग, बारीक वाळू १ भाग. ताजे शेण नको. त्यातून बुरशी येते आणि तणाचे बीही. निव्वळ काळी माती वाळताना आकसते, गोळी तडकते. तीच वापरायची तर वाळू दुप्पट करा. चिकटपणासाठी गूळपाणी घालू नका, मुंग्या गोळ्याच उचलून नेतात. पाणी शिंपडत घमेल्यात गोल फिरवा आणि सावलीत पातळ पसरून त्याच दिवशी वाळवा. रात्रभर ओल राहिली तर बी आतच मोड काढते आणि मरते.

सगळे बियाणे गोळ्यांत घालण्याआधी दोन गोष्टी तपासा. बोंडे तळहातावर चोळून फुंकर मारा. शंभरांतल्या किती बोंडांत दाणा आहे ते मोजा, कारण रानातून गोळा केलेल्या बियाण्यात फोल फार असते. मग एक वाळलेली गोळी कमरेएवढ्या उंचीवरून टाका, फुटता कामा नये. तीच गोळी वाटीभर पाण्यात सोडा, काही मिनिटांत विरघळली पाहिजे. न विरघळणारी गोळी पावसातही तशीच राहणार.

आता जमिनीचे. या गोळीने हलके बी वाऱ्याने उडत नाही, मुंग्यांपासून थोडे वाचते. ओल मात्र ती निर्माण करत नाही. कडक मुरमावर फेकलेली गोळी वाहून ओघळीत जाते. उताराला आडव्या, दोन-तीन सेंटिमीटर खोल रेघा अर्धा-पाऊण मीटरवर ओढा, त्यात गोळ्या टाका आणि वर जेमतेम एक सेंटिमीटर माती लोटा. जास्त खोल गेलेले गवताचे बी वर येत नाही. वळवाच्या सरीवर पेरू नका. त्या ओलीवर मोड येतात आणि नंतरच्या उघडिपीत जळतात. पाऊस लागून जमीन वीतभर भिजली की पेरा. आणि पहिले वर्ष चराई पूर्ण बंद ठेवा. कोवळा ठोंब शेळीच्या तोंडी मुळासकट येतो.

प्रश्न : उरलेल्या गोळ्या पुढच्या वर्षी चालतील का?

उत्तर : पूर्ण वाळलेल्या असतील आणि गोणपाटात, जमिनीपासून उंच ठेवल्या असतील तर चालू शकतात. पेरणीआधी वीस गोळ्या ओल्या वाळूत लावून पाहा. पंधरा दिवसांत निम्म्यांतूनही कोंब आले नाहीत, तर नवे बियाणे मिसळा. दिवाळीच्या सुमारास पिकलेले अंजनाचे बी लगेच नीट उगवत नाही, जूनपर्यंत ठेवलेले चांगले उगवते. म्हणून ते ताजे असताना फसले तर टाकून देऊ नका.