लाल बॉडी, विटकरी बंपर

प्रश्न : १/२४ मापाच्या कारच्या मॉडेल किटमध्ये बॉडी पांढऱ्या प्लॅस्टिकची, तर दोन्ही बंपर आणि आरशांची कव्हरं काळ्या प्लॅस्टिकची आहेत. सगळं एकाच लॅकर (झटपट वाळणारा रंग) स्प्रे कॅनने लाल रंगवलं. बॉडी लालभडक झाली, बंपर मात्र विटकरी दिसतो. कॅनमध्ये दोष असेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कॅन ठीक आहे, फरक खालच्या प्लॅस्टिकचा आहे. लाल, पिवळा, नारिंगी हे रंग पातळ थरात खालचं नीट झाकत नाहीत. पांढऱ्यावर पडलेला उजेड लाल थरातून परत येतो म्हणून बॉडी उजळ दिसते. काळ्यावर तो गिळला जातो. अशा वेळी बंपरवर आणखी तीन-चार हात मारायचा मोह होतो. तो टाळा. काळेपणा पुरता जात नाहीच, वर रंग कडांशी साचतो आणि जाळीच्या खाचा बुजतात.

बॉडीला हात लावू नका, बंपर तिच्याशी जुळवा. रंग २४ तास वाळू द्या. मग १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून बंपर हलक्या हाताने घासा, चकाकी गेली की थांबा. धुऊन वाळवा आणि पांढऱ्या प्रायमरचे (रंगाखाली मारायचा अस्तराचा थर) दोन पातळ हात द्या. प्रायमर राखाडी नको, त्यावर लाल रंग मळकट दिसतो. तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा गुलाबी प्रायमरही मिळतो. लालाखाली तो छान काम करतो, पण तेव्हा बॉडीलाही तोच हवा. तुमची बॉडी पांढऱ्यावर रंगली आहे, म्हणून बंपरलाही पांढराच.

आता लाल रंगाचे हात किती? इथे अंदाज चालत नाही. प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीला पांढरा प्रायमर मारा आणि त्यावर लाल रंगाचा एक हात द्या. तो हाताला चिकटेनासा झाला की चमच्याचा पाव भाग मास्किंग टेपने झाका. दुसरा हात, मग आणखी पाव भाग झाका. असे चार हात झाले की टेप काढा. एकाच चमच्यावर लालाच्या चार पायऱ्या दिसतील. चमचा दिवसा खिडकीपाशी बॉडीला टेकवून पाहा. जी पायरी बॉडीत मिसळून जाते, तेवढेच हात बंपरला. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो, म्हणून ही तपासणी रात्री करू नका.

आरशांसारखे छोटे भाग हातात धरून रंगवले की त्यांच्यावर नेहमी जास्त रंग बसतो. ते काडीवर टोचून बंपरशेजारीच उभे करा आणि कॅनचा एकच फटकारा दोन्हींवरून न्या.

प्रश्न : चंदेरी मेटॅलिक रंगात बॉनेट बॉडीपेक्षा गडद दिसतं. प्रायमर दोन्हींना एकच होता. असं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बॉनेट आडवं ठेवून जवळून, ओलं रंगवलं असावं. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. थर ओला राहिला की ते हलतात, तिरके होतात, आणि समोरून रंग गडद वाटतो. लांबून मारलेला कोरडा थर फिकट आणि जरा खरखरीत दिसतो. म्हणूनच बाटली तीच असली, तरी हात बदलला की छटा बदलते.

बॉनेट, दारं, बंपर मागून टेपने पकडून आपापल्या जागी बसवा आणि सगळी गाडी एकदमच रंगवा. कॅन २० ते २५ सेंमीवर, फटकारा भागाच्या बाहेर सुरू आणि बाहेरच संपवा. कॅन आधी दोन मिनिटं चांगला हलवा, कण तळाशी बसलेले असतात. मेटॅलिक थर कधीही घासू नका. कण कापले जाऊन डाग पडतात. पॉलिश करायचं ते वरच्या क्लिअर कोटवर, म्हणजे पारदर्शक थरावर. क्लिअरचे हातही सर्व भागांना सारखेच द्या. ब्रशने टचअप इथे लपत नाही, अख्खं बॉनेटच पुन्हा रंगवावं लागेल.

प्रश्न : पावसाळ्यात लॅकर मारला की काही भाग पांढुरके होतात. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प रंगात अडकतं. कोरड्या दिवशी त्याच रंगाचा हलका हात दिला की बहुतेकदा ते जातं. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) असलेला, सावकाश उडणारा थिनर वापरा.

प्रश्न : संपलेल्या रंगाऐवजी दुसऱ्या कंपनीचा त्याच नावाचा रंग चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नावावर जाऊ नका, रंगांच्या तक्त्यांमधली जुळणीही ढोबळच असते. चमच्यावर वाळवून पाहा. ओला रंग फसवतो. मिश्रण करायचं असेल तर फिकट रंगात गडद रंग थेंबाथेंबाने घाला, थेंब मोजून लिहून ठेवा आणि सर्व भागांना पुरेल एवढं एकदमच बनवा. १/२४ कारला १० मिली लॅकर आणि तेवढाच थिनर साधारण पुरतो. जुना रंग इनॅमल (सावकाश वाळणारा तेलकट रंग) असेल तर त्यावर लॅकर मारू नका, सुरकुत्या पडतात.